खाण्याच्या आवडीवर परदेशात नोकरी: ठाणे-नवी मुंबईतून निघण्याआधीची तयारी

हाताला चव आहे, घरचे आणि शेजारचे बोटं चाटून खातात, आणि आता याच जोरावर दुबई, जर्मनी किंवा जपान गाठायचं आहे. असं ठरवलं असेल तर पासपोर्टच्या आधी वजनकाटा घ्या. एक ग्रॅमपर्यंत मोजणारा पाच किलोचा साधा डिजिटल काटा पुरतो. तुमची आमटी दुसऱ्या कुणी तुमच्या चिठ्ठीवरून केली आणि तशीच झाली, तरच ती रेसिपी हॉटेलच्या कामाची.

रोजच्या दहा पदार्थांपासून सुरुवात करा. चिमूट, मूठ, वाटी सगळं मोजून लिहा. शिजलेल्या उसळीचं एकूण वजन घ्या आणि मीठ त्याच्या टक्क्यात मांडा. बहुतेक रसभाज्यांना एक ते सव्वा टक्का मीठ लागतं. मग तोच पदार्थ चाळीस माणसांसाठी करून बघा. सोसायटीचा गणपती यासाठी उत्तम जागा. चौघांना दोनशे ग्रॅम मटकी लागते, म्हणून चाळिसांना दोन किलो, इथवर सरळ गुणाकार चालतो. पाणी मात्र दहापट घातलंत की उसळ पांचट होते, कारण खोल पातेल्यात रश्शाच्या मानाने वाफ कमी जाते. पाणी आणि तिखट आधी सात-आठपट घ्या, बाकी चव बघून वाढवा. दोन किलो कांदा एकदम टाकला तर तेल थंड पडतं, कांद्याला पाणी सुटतं आणि तो परतण्याऐवजी उकडतो. अर्धा-अर्धा किलोने परता.

विळीवरून सुरीवर

विळीवर पातं स्थिर असतं आणि भाजी फिरते. सुरीचं उलट, त्यामुळे वर्षानुवर्षं विळीवर सराईत असलेला हातही सुरीवर अडखळतो. आठ इंची शेफ नाइफ घ्या. डाव्या हाताची बोटं आत वळवून पेरांचा आधार पात्याला द्या, अंगठा मागे ठेवा. जांभळी नाक्यावरून आठवड्याला पाच किलो कांदा आणा आणि सहा मिलिमीटरचे चौकोन पाडा, ते जमले की तीन मिलिमीटरचे. पट्टी लावून मोजा. नोकरीआधी घेतात त्या चाचणीत, म्हणजे ट्रायलला, पहिला अर्धा तास बहुधा हेच बघतात: तुकडे सारखे आहेत का, बोर्ड स्वच्छ आहे का, सुरी खाली ठेवताना धार कुठे आहे. तुकडे लहानमोठे असले की काही करपतात, काही कच्चे राहतात.

थंड करणं आणि ॲलर्जी

घरून शिकलेले लोक इथे हमखास पडतात. रात्रीचा भात ओट्यावर झाकून ठेवून सकाळी फोडणीचा भात करणं आपल्याकडे रोजचं, पण हॉटेलात त्यावरून घरी पाठवतील. भातातल्या बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू उकळूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात, जे पुन्हा गरम करूनही जात नाही. पाच ते साठ अंश सेल्सिअस हा धोक्याचा पट्टा. शिजलेलं अन्न साठवरून एकवीसवर दोन तासांत, आणि तिथून पाचवर पुढच्या चार तासांत आणायचं. दहा लिटरचं पातेलं तसंच ठेवलं तर हे होत नाही. आमटी पसरट ट्रेमध्ये पाच सेंटिमीटर थरात ओता आणि खाली बर्फ ठेवा. खुपसून तापमान बघायचा थर्मामीटर आत्ताच घ्या, घरीच सवय लावा.

ॲलर्जीचा भाग तर मराठी स्वयंपाकाला थेट भिडतो. युरोपीय संघात आणि ब्रिटनमध्ये चौदा घटक पदार्थात आहेत की नाहीत हे ग्राहकाला सांगावंच लागतं. त्यात मोहरी आहे, तीळ आहेत, शेंगदाणा आहे. म्हणजे आपली साधी फोडणी, तिळकूट आणि काकडीची कोशिंबीर, तिन्ही यादीत. अमेरिकेच्या यादीत मोहरी नाही, तीळ २०२३ पासून आहेत. सगळ्यात फसवा हिंग. डबीतल्या बांधणी हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ किंवा मैदा असतो, त्यामुळे ‘ग्लुटेन (गव्हातलं प्रथिन) नाही’ म्हणून दिलेलं वरण खोटं ठरतं आणि समोरचा माणूस आजारी पडू शकतो. लेबल वाचा. प्रत्येक रेसिपीखाली ॲलर्जीची एक ओळ लिहायची सवय लावून घ्या.

इथली नोकरी आणि कागद

घरगुती डबे हा अनुभव म्हणून क्वचितच धरतात. ठाण्यात घोडबंदर रोडवर किंवा वाशी-बेलापूरच्या हॉटेलांत कॉमी थ्री, म्हणजे सगळ्यात खालच्या पायरीचा आचारी, म्हणून लागा आणि निदान दोन वर्षं काढा. आखाती देशांच्या जाहिराती करी कुक, तंदूर कुक, डोसा कुक अशाच असतात. मराठी पदार्थ करणारा म्हणून मागणी आली तर भाग्यच, म्हणून माखनी, कांदा-टोमॅटो आणि काजूची पांढरी या बेस ग्रेव्ह्या हातात बसवा. मालवणी, कोल्हापुरी येतं हे पुढे बढतीला उपयोगी पडेल.

अनुभवाचं पत्र लेटरहेडवर घ्या. त्यात हुद्दा, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, पगार, कामाचं स्वरूप, सही-शिक्का हवा. पगार रोखीने घेऊ नका, बँकेतली नोंद हाच पुरावा. जपानच्या ‘कुशल कामगार’ व्हिसाला परदेशी जेवणाच्या आचाऱ्याचा साधारण दहा वर्षांचा अनुभव लागतो आणि शिक्षणाचा काळ त्यात धरतात. जर्मनी खास एखाद्या देशाचं जेवण देणाऱ्या रेस्टॉरंटसाठी आचाऱ्यांना चार वर्षांपर्यंत परवानगी देते. ब्रिटनमध्ये २२ जुलै २०२५ पासून स्किल्ड वर्कर व्हिसाची पात्रता वाढली आणि नव्या भरतीत शेफ बाहेर पडले. त्यामुळे ‘लंडनला कुकचा व्हिसा करून देतो’ म्हणणाऱ्यापासून लांब राहा.

आपल्याकडची खास अडचण नावाची. दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, आधारवर नाव आधी, लग्नानंतर मधलं नाव आणि आडनाव दोन्ही वेगळी. वागळे इस्टेटच्या पासपोर्ट सेवा केंद्रात जाण्याआधी सगळीकडे एकच नाव करून घ्या. लग्नाशिवाय दुसऱ्या कारणाने नाव बदललं असेल तर राजपत्राची प्रत लागू शकते. दहावी पास असाल तर प्रमाणपत्र जोडाच. नाहीतर पासपोर्टवर ईसीआर (नोकरीला जाण्याआधी सरकारी तपासणी आवश्यक) असा शेरा येतो आणि सौदी, यूएई, कतार, ओमान अशा अठरा देशांत नोकरीला जाताना वेगळी मंजुरी काढावी लागते.

एजंट सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदलेला आहे का ते स्वतः तपासा. सेवाशुल्काची मर्यादा ३०,००० रुपये अधिक जीएसटी आहे. पैसे बँकेतून द्या, पावती घ्या. ‘आधी टुरिस्ट व्हिसावर जा, तिथे बदलू’ हे ऐकलं की उठून या. करारात मूळ पगार, ओव्हरटाइम, राहणं-जेवण, सुट्टी, परतीचं तिकीट वेगवेगळं लिहिलेलं हवं. आखातासाठीच्या वैद्यकीय तपासणीत छातीच्या एक्स-रेमध्ये जुन्या क्षयरोगाचा डाग दिसला तरी नापास करतात. पूर्वी आजार झाला असेल तर एजंटला पैसे देण्याआधी एक्स-रे काढून बघा.

सामान भरताना

खसखस घेऊ नका. यूएई, सौदी आणि सिंगापूरमध्ये ती बंदी असलेल्या मालात मोडते आणि थेट अटकेपर्यंत प्रकरण जाऊ शकतं. खसखस सुटी नसली तरी असते: अनारशांवर, घरच्या काळ्या मसाल्यात, कधी लाडवांत. आईने किंवा सासूबाईंनी प्रेमाने डबा भरून दिला असेल तर काय काय घातलंय ते आधी विचारा. मसाला न्यायचाच असेल तर खसखस वगळून वेगळा कुटून घ्या. युरोपात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणजे तूप आणि पेढे इथेच ठेवा. सुरी पात्यावर पुठ्ठा गुंडाळून चेक-इन बॅगेत ठेवा. वजनांची वही मात्र हातातल्या पिशवीत असू द्या, आणि तिचे फोटो फोनमध्ये.