किटच्या अल्ट्रालाइट विमानासाठी पंख आणि इंजिन कसे निवडावे

किट, म्हणजे सुटे भाग आणून स्वतः जोडायचे विमान, मागवायचे ठरले की पहिला प्रश्न हटकून इंजिनाचा निघतो: किती एचपीचे बसवायचे? माझ्या मते हा प्रश्न बराच उशिरा यायला हवा. इंजिन विमानाला पुढे नेते, हवेत धरून ठेवतो तो पंख. इंजिन मध्येच बंद पडले तर तुम्ही किती वेगाने जमिनीला टेकणार, हे पंख आणि वजन मिळून ठरवतात. अल्ट्रालाइटमध्ये इंजिन कधीतरी बंद पडणार हे धरूनच बाकीचे ठरवायचे असते. म्हणून आधी नियम आणि वापर, मग पंख, आणि त्यानंतर इंजिन.

पायरी १: नियमांची चौकट आखून घ्या

अल्ट्रालाइट कशाला म्हणायचे हे देशागणिक बदलते. अमेरिकेतील १९८२ च्या ‘पार्ट १०३’ नियमानुसार इंजिन असलेले अल्ट्रालाइट एकाच आसनाचे लागते. त्याचे रिकामे वजन २५४ पौंडांपेक्षा (सुमारे ११५ किलो) कमी, इंधन जास्तीत जास्त ५ गॅलन (सुमारे १९ लिटर), सपाट उड्डाणातला पूर्ण शक्तीचा वेग ५५ नॉटपर्यंत (ताशी सुमारे १०२ किमी) आणि स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याच्या खाली पंखाची उचल तुटते तो वेग, २४ नॉटपर्यंत (ताशी सुमारे ४४ किमी) असावा लागतो. युरोपात दोन आसनी विमानांसाठी दीर्घकाळ ४५० किलोची एकूण वजनमर्यादा होती, आता काही देशांनी ती ६०० किलोपर्यंत नेली आहे. पहिली चौकट लागू असेल तर जड फोर-स्ट्रोक इंजिनाचा विचार तिथेच संपतो. आपल्याला लागू असलेले आकडे कागदावर लिहून भिंतीवर लावा.

पायरी २: खरे वजन मांडा

स्वतःचे वजन कपडे, बूट आणि हेल्मेटसह काट्यावर घ्या. सोबती नेणार असाल तर त्याचेही घ्या. पेट्रोलचे लिटरला पाऊण किलोच्या आसपास धरा. किटच्या माहितीपत्रकातील रिकामे वजन बहुधा सर्वांत हलक्या नमुन्याचे असते. ब्रेक, रेडिओ, काच, रंग आणि मोठी चाके लागली की ते वाढतेच, त्यासाठी दहा टक्के आधीच जोडा. धावपट्टीची लांबी, तिची समुद्रसपाटीपासूनची उंची आणि ज्या सर्वांत उष्ण दुपारी उडावेसे वाटेल तेव्हाचे तापमान हेही याच कागदावर लिहा. पुढे प्रत्येक पायरीला हा कागद लागणार आहे.

पायरी ३: पंखाचे क्षेत्रफळ ठरवा

इथे घाई करू नका. एकूण वजनाला पंखाच्या क्षेत्रफळाने भागले की पंखभार मिळतो, म्हणजे दर चौरस मीटरवर किती किलो ते. विमानाचा स्वभाव समजायला याहून उपयोगी दुसरा आकडा नाही.

एक उदाहरण घेऊ. एकूण वजन २५० किलो आणि फ्लॅप (मागच्या काठाची खाली वळणारी पट्टी) नसलेला साधा जाड पंख. क्षेत्रफळ १४ चौरस मीटर असेल तर पंखभार जवळपास १८ येतो आणि समुद्रसपाटीला स्टॉलचा वेग ताशी ४८ किमीच्या आसपास. तोच पंख कापून १०.५ चौरस मीटर केला तर पंखभार २४ होतो आणि स्टॉल ५६ च्या जवळ जातो. आठ किलोमीटरचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो. पण जमिनीला टेकतानाची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे इथे ती एक तृतीयांशाने वाढली. ओबडधोबड शेतात उतरण्याची वेळ आली तर हाच फरक चाकांना आणि पायलटच्या पाठीच्या मणक्यांना सोसावा लागतो.

तरीही मोठा पंखच नेहमी चांगला असे नाही. हलक्या पंखभाराचे विमान दुपारच्या उकळत्या हवेत पाचोळ्यासारखे उधळते, आडव्या वाऱ्यात उतरताना डावा-उजवा पंख उचलला जातो आणि लांब पंख एलेरॉनला (विमान डावी-उजवीकडे कलवणाऱ्या पंखावरच्या झडपांना) सावकाश प्रतिसाद देतो. आखूड पंख झटकन कलतो, धक्के कमी देतो, थोडा वेगाने जातो आणि हँगरमध्ये कमी जागा घेतो. चॅलेंजर-२ या दोन आसनी विमानाचे ३१.५ फुटी आणि २६ फुटी असे दोन पंख याच तडजोडीची दोन टोके दाखवतात. सकाळ-संध्याकाळच्या शांत हवेत, छोट्या मैदानावरून उडायचे असेल तर लांब पंख घ्या. रोज वारा असतो, धावपट्टी लांब आहे आणि तुमचा हात उड्डाणाला सरावलेला आहे, तेव्हाच आखूड पंखाकडे वळा. पहिलेच विमान असेल तर माझे मत निःसंशय लांब पंखाच्या बाजूने आहे.

हळू उडण्यासाठी क्षेत्रफळाखेरीज आणखीही मार्ग आहेत. फ्लॅपमुळे उतरताना उचल वाढते आणि उताराचा कोन तीव्र करता येतो. झेनिथ सीएच ७०१ सारख्या विमानात पंखाच्या पुढच्या काठावर कायमचे स्लॅट, म्हणजे मध्ये फट ठेवून बसवलेल्या पट्ट्या, असतात. त्यामुळे पंख फार मोठ्या कोनातही हवा सोडत नाही, पण पुढे जाताना हवेचा रोध वाढतो आणि वेग कमी मिळतो.

पायरी ४: पंखाची बांधणी आणि आवरण

अॅल्युमिनियमच्या नळ्यांवर शिवलेले डेक्रॉनचे (एक प्रकारच्या पॉलिएस्टरचे) कापड चढवायचे असेल तर काम सर्वांत लवकर होते, रंगाचा खटाटोप नसतो आणि वजनही कमी राहते. मात्र उन्हातील अतिनील किरणांनी हे कापड कुजते. विमान उघड्यावर ठेवणार असाल तर हा पर्याय घेऊ नका, किंवा नव्या आवरणाचा खर्च आत्ताच धरून ठेवा. फासळ्यांवर पॉलिएस्टर कापड चिकटवून, इस्त्रीने ताणून, वर किरणरोधक थर आणि रंग देण्याची पद्धत कितीतरी जास्त वेळ खाते, पण चांगली राखली तर दीर्घकाळ टिकते. पत्र्याचा पंख जड असतो, पण हवामानाची फारशी काळजी नको.

घडीचा पंख मोह पाडतो, कारण विमान ट्रेलरवर घरी नेता येते. किटफॉक्ससारख्या विमानांमुळे ही सोय लोकप्रिय झाली. घडी घेणार असाल तर प्रत्येक उड्डाणाआधी पंखाच्या खिळी आणि एलेरॉनच्या जोडण्या पुन्हा बसवाव्या लागतात. किट निवडतानाच विचारा: एलेरॉनची जोडणी आपोआप जुळते की हाताने जोडायची? खीळ पूर्ण बसली आहे हे बाहेरून डोळ्यांना दिसते का? दिसत नसेल तर ते किट मी घेणार नाही.

पायरी ५: इंजिनाची शक्ती

आता इंजिनाकडे या. वर चढण्याचा दर सगळ्या शक्तीवर ठरत नाही. सपाट उडण्यासाठी लागणारी शक्ती वजा केल्यावर जे उरते त्यावर तो ठरतो. आपल्याच २५० किलोच्या विमानाचा हिशेब करू. ५० एचपीमधली साधारण निम्मी शक्ती प्रोपेलरमधून प्रत्यक्ष कामी येते असे धरा, आणि ताशी ७५ किमीला तरंगत राहण्यासाठी त्यातली सुमारे १० एचपी खर्च होते असे माना. मग चढ सेकंदाला साडेचार मीटरच्या आसपास मिळतो. ५० ऐवजी ४० एचपी घेतले तर तो तीन मीटरच्या जवळ येतो. शक्ती एक पंचमांशाने घटली आणि चढ एक तृतीयांशाने. उष्ण हवा विरळ असते, त्यामुळे इंजिन आणि पंख दोन्हींची ताकद घटते: १५ अंशांवरून ३५ अंशांवर गेल्यास हवेची घनता साडेसहा टक्क्यांनी कमी होते. सोबती, उन्हाळा आणि उंचावरची धावपट्टी एकत्र आली की हा चढ आणखी आटतो.

वेगासाठी मात्र मोठे इंजिन घेऊ नका. वेग २५ टक्के वाढवायला जवळपास दुप्पट शक्ती लागते. शिवाय रचनाकाराने ठरवलेली कमाल वेगमर्यादा पंख आणि शेपटाच्या मजबुतीवर अवलंबून असते, इंजिन बदलल्याने ती वाढत नाही.

पायरी ६: टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक

जुन्या अल्ट्रालाइटवर रोटॅक्स कंपनीची ४४७ (सुमारे ४० एचपी) आणि ५०३ (सुमारे ५० एचपी) ही हवेने थंड होणारी टू-स्ट्रोक इंजिने फार दिसतात. त्यांचे उत्पादन थांबले आहे, त्यामुळे ती वापरलेलीच मिळतात. ४४७ मध्ये प्रज्वलन (ठिणगी पाडणारी यंत्रणा) एकेरी आहे, ५०३ मध्ये दुहेरी. पाण्याने थंड होणारे ५८२ सुमारे ६४ एचपी देते. ९१२ मालिका फोर-स्ट्रोक आहे, ८० आणि १०० एचपीची.

टू-स्ट्रोक हलके आणि स्वस्त, पण त्याला शिस्त लागते. इंजिन थंड असताना एकदम पूर्ण थ्रॉटल दिले, की पिस्टन लवकर तापून फुगतो आणि सिलिंडर अजून थंडच असतो, मग पिस्टन अडकतो. लांब उतारावर थ्रॉटल मिटून आल्यावर अचानक शक्ती देतानाही हेच घडू शकते. म्हणून सिलिंडर-हेड आणि धुराच्या तापमानाचे मापक ही चैन समजू नका, ते इंजिनाच्या किमतीतच धरा. ५८२ ला ३०० तासांनी पूर्ण उघडून दुरुस्ती सांगितली जाते, तर आजच्या ९१२ साठी हाच आकडा २००० तासांपर्यंत आहे. वर्षाला ३० तास उडणाऱ्याला हा फरक फारसा जाणवणार नाही, १५० तास उडणाऱ्याला पहिल्या दोन वर्षांतच कळेल.

फोर-स्ट्रोकची किंमत वजनात मोजावी लागते. ५०३ च्या जागी ९१२ बसवले तर रेडिएटर आणि तेलाच्या टाकीसह साधारण २५ ते ३० किलो वाढतात. तेवढ्यानेच आपल्या उदाहरणातला ४८ चा स्टॉल ५० च्या पुढे सरकतो.

पायरी ७: गुरुत्वमध्य तपासा

बदललेले इंजिन मागे बसून विमानाला पुढे ढकलणारे असेल, तर १५ किलो जादा वजन गुरुत्वमध्याच्या १.२ मीटर मागे गेले की तो जवळपास ७ सेंटिमीटर मागे सरकतो. पुढून मागे दीड मीटर रुंदीच्या पंखात हे साडेचार टक्के झाले, आणि गुरुत्वमध्याची मान्य पट्टी पुष्कळदा दहा-पंधरा टक्क्यांचीच असते. मागे गेलेला गुरुत्वमध्य विमानाला चंचल करतो आणि स्टॉलमधून नाक खाली यायला कुरकुरतो. हलका पायलट एकटा उडताना काय होईल, हा हिशेब आवर्जून करा. रचनाकाराच्या यादीत नसलेले इंजिन कितीही आवडले तरी सोडून द्या. माऊंट, इंधनवाहिन्या, पंखाच्या टेकूंवरचा भार, या सगळ्यांचा विचार त्याने यादीतल्या इंजिनांसाठी केलेला असतो.

पायरी ८: गिअरबॉक्स आणि प्रोपेलर

हळू उडणाऱ्या विमानाला मोठा, सावकाश फिरणारा प्रोपेलर जास्त ओढ देतो. टू-स्ट्रोक मिनिटाला ६५०० फेऱ्यांवर शक्ती देते, म्हणून मध्ये गिअरबॉक्स किंवा पट्टा लागतो. २.६२ च्या गुणोत्तराने प्रोपेलर सुमारे २४८० फेऱ्या घेतो, आणि १.७३ मीटर व्यासाच्या पात्याचे टोक सेकंदाला २२५ मीटरने फिरते, म्हणजे ध्वनीच्या वेगापेक्षा बरेच कमी. आणखी मोठा प्रोपेलर बसत असेल तर जास्त गुणोत्तराचा गिअरबॉक्स घ्या. आधी पात्याचे टोक जमिनीपासून आणि शेपटाच्या नळीपासून किती अंतरावर राहते ते मोजा.

जमिनीवर कोन बदलता येणारी पाती घेतलीत तर शेवटची जुळणी तुमच्या हातात राहते. विमान घट्ट बांधा, समोरून सगळ्यांना दूर करा, इंजिन नीट तापू द्या आणि मग पूर्ण थ्रॉटलवर फेऱ्या वाचा. कोन फार कमी असेल तर इंजिन मोकाट फिरते आणि धुराचे तापमान चढते. फार जास्त असेल तर फेऱ्या अडतात, धूर थंड पण सिलिंडर-हेड गरम होते. अर्ध्या-अर्ध्या अंशाने फिरवत, चढताना इंजिन उत्पादकाने दिलेल्या फेऱ्यांपर्यंत पोहोचेल पण ओलांडणार नाही अशा जागी पाती कसा, आणि तो कोन विमानाच्या नोंदवहीत तारखेसह लिहा.