फुप्फुसातली झिरप निळ्या रंगाने मोजताना

इव्हान्स ब्लू हा निळा रंग रक्तात गेला की अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनाला चिकटतो. निरोगी केशवाहिनीच्या भिंतीतून अल्ब्युमिन फारसं बाहेर पडत नाही. भिंत सैल झाली की ते ऊतीत उतरतं आणि रंगही त्याच्यासोबत जातो. मोजायचा आहे तो हाच बाहेर आलेला रंग. पीएचडीच्या पहिल्या वर्षी उंदरांची एक अख्खी तुकडी मी यात वाया घालवली. त्याची बोच अजून आहे, म्हणून हे लिहिते.

संस्थेच्या प्राणी नीती समितीची मंजुरी हातात आल्यावरच सुरुवात करा. रंग सलाइनमध्ये ०.५ टक्के, गाळलेला. २५ ग्रॅमच्या उंदराला २०० मायक्रोलिटर, शेपटीच्या शिरेतून. शेपटी आधी कोमट पाण्यात धरली तर शीर फुगते. सुई नीट बसली असेल तर कान आणि पंजे लगेच निळे होतात. शेपटीवरच निळा फुगवटा आला तर रंग कातडीखाली गेला. तो उंदीर हिशेबात धरू नका, कारण वहीत लिहा.

अर्ध्या तासाने पूर्ण भूल देऊन फुप्फुसं धुवायची. माझी तुकडी गेली ती इथेच. मी घाई केली, वाहिन्यांत रंगीत रक्त उरलं, आणि निरोगी उंदरांची फुप्फुसंही आजारी उंदरांइतकीच निळी निघाली. हृदयाच्या उजव्या खालच्या कप्प्यातून सलाइन सोडा, डाव्या वरच्या कप्प्याला छेद द्या, आणि बाहेर येणारं पाणी स्वच्छ होईपर्यंत थांबा. निरोगी फुप्फुस पांढरं पडतं. सलाइनची बाटली सुमारे २५ सेंटिमीटरवरच टांगा. जास्त दाबाने केशवाहिन्या आपणच फोडतो.

मग फुप्फुस ६० अंशांवर कोरडं करून वजन घ्या. ओल्या वजनाने भागू नका. झिरपलेल्या फुप्फुसात पाणी भरलेलं असतं, वजन वाढतं, आणि दर ग्रॅमचा रंग खोटाच कमी दिसतो.

रंग फॉर्मामाइड या द्रावकात ५५ अंशांवर २४ तासांत उतरतो. फॉर्मामाइड गर्भाला घातक आहे. हातमोजे आणि फ्यूम हूड (वाफा ओढून घेणारी कपाटासारखी जागा) हवेतच. सेंट्रिफ्यूजमध्ये जोरात फिरवून वरचं द्रावण ६२० नॅनोमीटरच्या प्रकाशात वाचा, म्हणजे ते किती प्रकाश शोषतं ते मोजा, ७४० वरही. रक्ताच्या अंशामुळे आलेला आकडा ७४० च्या वाचनावरून वजा करता येतो. ब्लँक (रंग नसलेलं द्रावण) आणि स्टँडर्ड कर्व्ह (माहीत असलेल्या रंगप्रमाणांचा आलेख) दोन्ही फॉर्मामाइडमध्येच करा, पाण्यात नको. आणि रंग न टोचलेल्या एका उंदराचं फुप्फुस याच सगळ्या पायऱ्यांतून न्या.