डेनोव्हो टायरच्या जुन्या मिनीची चाके बदलताना

ब्रिटिश लेलँडच्या मिनी १२७५ जीटी या गाडीवर डनलॉपचे डेनोव्हो टायर, म्हणजे हवा गेल्यावरही काही अंतर चालणारे टायर, १९७४ पासून ऐच्छिक म्हणून मिळू लागले आणि १९७७ पासून ते कारखान्यातूनच बसून येऊ लागले. अशी गाडी हाती आल्यास इंजिनाआधी चाके तपासावीत, कारण डेनोव्हो ही टायर, रिम आणि आतील द्रव मिळून बनलेली एकच रचना आहे. तिचा एक भाग बदलून बाकीचे ठेवता येत नाहीत.

हवा गेलेल्या टायरचे दोन धोके असतात : तो रिमवरून निसटतो आणि आतल्या आत घासून तापतो. पहिल्यासाठी टायरच्या कडा अरुंद रिमवर जागच्या जागी अडकून राहतील अशी सोय होती. दुसऱ्यासाठी रिमवर आतून द्रवाचे छोटे डबे बसवलेले असत. टायर चेपला की ते फुटत. द्रव वंगणाचे काम करी, छिद्र बुजवण्यास हातभार लावी आणि उष्णतेने त्याची वाफ होऊन थोडा दाबही तयार होई. ताशी ५० मैलांच्या वेगाने १०० मैल जाता येईल, असे डनलॉपचे सांगणे होते. कल्पना चतुर होती, यात शंका नाही. परंतु तिने गाडीला एकाच टायरशी बांधून टाकले.

टायरच्या बाजूवरील मापात ३१० हा आकडा असेल, तर तो रिमचा व्यास मिलिमीटरमध्ये आहे, असे समजावे. १२ इंच म्हणजे ३०४.८ मिलिमीटर. हा ५.२ मिलिमीटरचा फरक डोळ्यांना जाणवत नाही, आणि खरा धोका तिथेच आहे : १२ इंची टायर अशा रिमवर बळेच चढवून हवा भरल्यास कड नीट बसत नाही, प्रसंगी ती तुटून टायर फुटू शकतो. मिशलॅनच्या टीआरएक्स रिमच्या ३९० या मापालाही हाच नियम लागू होतो.

गाडी रस्त्यावर चालवायची असेल, तर चारही चाके बदलणे हाच शहाणपणाचा मार्ग आहे. मूळ मिनीची १० इंची चाके दिसायला गोंडस असली तरी ती घेऊ नयेत, कारण १९७४ नंतरच्या जीटीच्या पुढच्या ८.४ इंची ब्रेक डिस्कवर ती बसत नाहीत. साडेचार इंच रुंदीचे १२ इंची रिम आणि १४५/७० आर १२ टायर (रुंदी १४५ मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ७० टक्के, रिम १२ इंच) घ्यावेत. चार बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास १०१.६ मिलिमीटर असल्याची खात्री करावी. १५५/६५ मापाच्या डेनोव्होचा बाहेरचा व्यास गणिताने सुमारे ५११ मिलिमीटर येतो, तर नव्या टायरचा ५०८. त्यामुळे स्पीडोमीटरच्या वाचनात एक टक्काही फरक पडत नाही.

मिश्रधातूचे रिम घेतल्यास नटही त्याच रिमसाठी बनवलेले हवेत. पाचवे चाक, जॅक आणि पाना विसरू नयेत, कारण डेनोव्होच्या भरवशावर या गाडीत स्टेपनीच दिलेली नसे. चाके बसवल्यावर स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून आणि गाडीत माणसे बसवून टायर कुठे घासत नाही ना, हे पाहावे. थोडे अंतर चालवून नट पुन्हा कसावेत. उतरवलेला जुना संच प्रदर्शनासाठी राखण्याजोगा आहे. मात्र तो कुतूहलापोटी घरी उघडू नये, कारण आतले डबे अजून भरलेले असू शकतात.