हलके चालण्याचे बूट: आरामदायी जोड कसा निवडावा आणि तो जास्त काळ कसा टिकवावा

पायातले वजन प्रत्येक पावलागणिक उचलावे, पुढे न्यावे आणि पुन्हा थांबवावे लागते. त्यामुळे तेवढेच वजन पाठीवर वाहण्यापेक्षा पायात वाहताना साधारण चार ते सहा पट जास्त शक्ती खर्च होते. दिवसभर पायी फिरणाऱ्या माणसाला हलक्या बुटांचा इतका फरक जाणवतो तो यामुळेच. मात्र बूट हलका करण्यासाठी वजन कुठून तरी काढून घ्यावे लागते. ते कुठून काढले आहे हे ओळखता आले, तर आपल्या चालण्याला कोणता बूट पुरेल आणि कोणता लवकर फाटेल, हे दुकानात उभे असतानाच बऱ्यापैकी ठरवता येते.

पायरी १: बुटाची बांधणी हाताने तपासा

घोट्यापर्यंतच्या पारंपरिक चामडी बुटांचा जोड दीड किलोच्या आसपास किंवा त्याहून जड असतो. हलक्या प्रकारातला जोड बहुधा ८०० ग्रॅम ते १,१०० ग्रॅमच्या दरम्यान भरतो. हा फरक मुख्यतः चार ठिकाणांहून येतो. वरच्या भागात जाड चामड्याऐवजी जाळीदार कापड किंवा पातळ स्वेड (लवदार पृष्ठभागाचे मऊ चामडे) वापरलेले असते, तळाच्या मधल्या थरात पॉलियुरेथेन या जड फोमऐवजी ईव्हीए नावाचा हलका फोम असतो, खालचे रबर पातळ असते आणि तळात ताठरपणासाठी घातली जाणारी पट्टी पोलादाऐवजी नायलॉनची असते किंवा मुळीच नसते.

यांपैकी मधल्या थराचा आरामाशी आणि आयुष्याशी सर्वांत जवळचा संबंध आहे. ईव्हीएमध्ये हवेचे असंख्य बंद बुडबुडे असतात आणि पाय टेकताना बसणारा धक्का तेच झेलतात. वारंवार दाब पडून हे बुडबुडे हळूहळू चेपतात आणि वरून धडधाकट दिसणारा बूट आतून कडक व निर्जीव होतो. पॉलियुरेथेन दाबाला जास्त काळ दाद देत नाही, पण हवेतल्या ओलाव्याने त्याचे रासायनिक विघटन होते. म्हणूनच कित्येक वर्षे कपाटात न वापरता ठेवलेल्या जोडाचा तळ पहिल्याच फेरीत भुगा होऊन सुटल्याचा अनुभव अनेकांना येतो. जुना साठा स्वस्तात मिळत असला तरी या कारणाने तो टाळावा.

बूट हातात घेऊन टाच आणि पुढचे टोक धरून पिळून पाहावा. ओल्या फडक्यासारखा सहज पिळला जाणारा बूट सपाट वाटेवर चालेल, पण खडकाळ वाटेवर दगडांची टोके तळव्याला जाणवू लागतील. मग तो वाकवून पाहावा. घडी चवड्याच्या रेषेत पडली पाहिजे. बूट मधोमध दुमडत असेल तर पायाच्या कमानीला आधार मिळणार नाही. टाचेमागचा कप अंगठ्याने दाबल्यावर सहज आत जाऊ नये. वरचे कापड पातळ असले तरी माझी हरकत नसते, पण टाचेचा कप आणि बोटांपुढचे रबरी आवरण या दोन ठिकाणी केलेली वजनाची बचत मी कधीच स्वीकारणार नाही, कारण हलके बूट पुष्कळदा याच जागी आधी दगा देतात.

खालच्या रबराबाबत मात्र तडजोड अटळ असते. खिळे ठोकलेल्या गिर्यारोहण बुटांना पर्याय म्हणून इटालियन गिर्यारोहक विटाले ब्रामानी यांनी १९३७ साली दात्यांचा रबरी सोल आणला, आणि तेव्हापासून एक पेच कायम आहे: मऊ रबर ओल्या खडकाला छान धरते पण लवकर झिजते, तर कडक रबर टिकते पण ओल्यावर घसरते. आपल्या वाटा कोरड्या आहेत की निसरड्या, यावरून निवड करावी.

पायरी २: माप घाईने घेऊ नका

आराम आणि टिकाऊपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असे समजले जाते, पण मापाच्या बाबतीत त्या एकच ठरतात. ढगळ बुटात पाय पुढे-मागे सरकतो, त्यामुळे फोड येतात आणि त्याच घर्षणाने टाचेचे अस्तरही फाटते. लांबीला मोठ्या बुटात वाकण्याची रेषा चवड्याच्या पुढे जाते, नको तिथे घडी पडते आणि त्या घडीवर कापड चिरते किंवा सोलचा चिकटवलेला जोड उकलतो.

दिवसभरात पाय थोडे सुजतात, म्हणून माप संध्याकाळी घ्यावे आणि चालताना जे मोजे घालणार तेच घालून घ्यावे. दोन्ही पाय मोजावेत व मोठ्या पायाचे माप धरावे. आतला सोल बाहेर काढून त्यावर उभे राहिल्यास पाय कडेने बाहेर येतो का ते स्पष्ट दिसते. येत असेल तर बूट रुंदीला कमी आहे, आणि रुंदीची उणीव भरून काढण्यासाठी लांबीचे पुढचे माप घेणे हा उपाय नव्हे. त्याऐवजी रुंद साच्यावर बनवलेला बूट शोधावा. नाड्या न बांधता पाय पुढे ढकलल्यावर टाचेमागे एक बोट जावे. शेवटी उतरत्या फळीवर किंवा जिन्यावरून चालून पाहावे: बोटे पुढे आपटत असतील तर लांब उतारावर नखे काळी पडतील, आणि चढताना टाच उचलली जात असेल तर ती सोलवटून निघेल.

पायरी ३: जलरोधक अस्तर खरोखर हवे का, ते ठरवा

जलरोधक पापुद्र्यातून घामाची वाफ बाहेर जाते, पण त्यासाठी बाहेरची हवा आतल्यापेक्षा कोरडी असावी लागते. वरचे कापड पाण्याने भिजून गेले की ही वाट जवळजवळ बंद होते. शिवाय घोट्याच्या वरून पाणी आत शिरले तर तेच अस्तर पाणी आत धरून ठेवते आणि बूट सुकायला बराच वेळ लागतो. थंडीत, बर्फात किंवा दवाने भिजलेल्या गवतातून चालायचे असेल तर हे अस्तर उपयोगी आहे. उष्ण हवेत, किंवा पाण्यातूनच चालावे लागणार असेल तिथे, लवकर सुकणारा साधा जाळीदार बूट अधिक सुखाचा असतो.

पायरी ४: पाय आणि बूट एकमेकांना सरावू द्या

हलके बूट लवकर नरम होतात, तरी पहिले काही दिवस थोड्या अंतरासाठीच घालावेत. सुती मोजे घाम धरून ठेवतात आणि ओल्या त्वचेला फोड लवकर येतात, म्हणून लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे मोजे वापरावेत. चालताना एखादी जागा गरम झाल्यासारखी वाटली की लगेच थांबून तिथे चिकटपट्टी लावावी. टाच उचलली जात असेल तर सर्वांत वरच्या दोन छिद्रांमध्ये प्रत्येक बाजूला नाडीचा छोटा फास करून समोरची नाडी त्यातून ओढून घ्यावी; पायाच्या वरच्या भागावर दाब न वाढता टाच जागेवर बसते.

पायरी ५: प्रत्येक फेरीनंतर थोडा वेळ द्या

वाळलेला चिखल चामड्यातला ओलावा शोषून घेतो आणि त्यातले बारीक कण कापडाचे धागे घासतात. म्हणून बूट त्याच दिवशी मऊ ब्रशने आणि साध्या पाण्याने धुवावेत. आतला सोल व नाड्या काढून, आत कागद कोंबून, सावलीत वाऱ्यावर सुकवावेत. शेकोटी, हीटर, कडक ऊन किंवा उन्हात उभी केलेली मोटार यांपासून त्यांना दूर ठेवावे, कारण उष्णतेने गोंद सैल होतो, ईव्हीए आक्रसते आणि चामडे तडकते. पाण्याचे थेंब कापडावरून ओघळण्याऐवजी आत मुरू लागले की पाणी झटकणारा फवारा पुन्हा मारावा.

पायरी ६: बूट कधी बदलायचा ते ओळखा

हलका जोड साधारणपणे ८०० ते १,००० किलोमीटर साथ देतो. माणसाचे वजन, पाठीवरचा भार आणि वाट यांनुसार हा आकडा बराच बदलतो. त्यामुळे किलोमीटर मोजण्यापेक्षा बूट पाहावा. मधल्या थराच्या कडेला आडव्या सुरकुत्या कायमच्या उमटल्या असतील, सपाट फरशीवर ठेवल्यावर बूट एका बाजूला कलत असेल, चवड्याखालचे दाते गुळगुळीत झाले असतील किंवा नेहमीच्याच वाटेवर गुडघे व तळवे नव्याने दुखू लागले असतील, तर त्या जोडाचे काम संपले आहे. सोलची कड जरा उकलणे ही मात्र दुरुस्त होणारी बाब आहे: भेग स्वच्छ करून सुकवावी, बुटांसाठीचा लवचिक गोंद लावावा आणि रात्रभर दाबून बांधून ठेवावे. संपूर्ण सोल बदलणे बहुतेक हलक्या बुटांत परवडत नाही, कारण तो शिवलेला नसून चिकटवलेला असतो. म्हणून जुना जोड पूर्ण मोडण्याआधीच नवा घ्यावा आणि काही काळ छोट्या फेऱ्यांना नवा व लांबच्या फेऱ्यांना जुना असे दोन्ही वापरावेत.