शेड्यूलरला पायथनचा पूर्ण पत्ता दिला तेव्हा

सोलापुरातील एका टॉवेल कारखान्याची संगणकीय कामे मी सांभाळतो. रोज सकाळी सात वाजता विंडोजच्या टास्क शेड्यूलरमधून (ठरलेल्या वेळी कामे आपोआप सुरू करणाऱ्या सोयीतून) पायथन या प्रोग्रामिंग भाषेतील एक स्क्रिप्ट चालते व आदल्या दिवसाची बिले एकत्र करते. नव्या साठा-अहवालासाठी मी पॅन्डाज या पायथनच्या तक्ते हाताळणाऱ्या लायब्ररीची आवृत्ती वाढवली आणि दुसऱ्या दिवशी बिलांची फाइल तयारच झाली नाही. ‘डेटाफ्रेम’ला (पॅन्डाजमधील तक्त्याला) ‘अपेंड’ (ओळी जोडण्याची सोय) नसल्याचा संदेश लॉगमध्ये होता, कारण ही सोय २०२३ साली आलेल्या पॅन्डाज २.० मधून काढण्यात आली आहे.

दोन्ही कामे एकाच पायथनवर चालवणे ही माझी मूळ चूक होती. म्हणून पायथनचे ‘व्हेन्व्ह’ हे साधन वापरून प्रत्येक कामासाठी स्वतंत्र वातावरण, म्हणजे स्वतःच्या लायब्ररी असलेले वेगळे फोल्डर, तयार केले आणि बिलांच्या वातावरणात पॅन्डाज १.५.३ बसवले. हाताने चालवल्यावर स्क्रिप्ट चालली, शेड्यूलरमधून मात्र तोच संदेश येत राहिला. वातावरण ‘ॲक्टिव्हेट’ केल्याचा परिणाम त्या टर्मिनलच्या खिडकीपुरताच असतो, हे माझ्या फार उशिरा लक्षात आले. शेड्यूलरमध्ये नुसते ‘पायथन’ लिहिलेले होते, त्यामुळे तेथून मूळचेच पायथन चालत होते. तेथे वातावरणाच्या ‘स्क्रिप्ट्स’ फोल्डरमधील पायथनचा पूर्ण पत्ता आणि ‘स्टार्ट इन’मध्ये कामाचे फोल्डर दिले. दुसऱ्या दिवशी कारकून येण्यापूर्वीच बिलांची फाइल तयार होती.

वातावरणाचे फोल्डर दुसरीकडे हलवू नये, कारण त्यात जुने पत्ते कायम राहतात. ‘पिप फ्रीझ’ या आज्ञेने मिळणारी बसवलेल्या लायब्ररींची यादी जपावी आणि तिच्यावरून वातावरण नव्याने उभारावे.