बाँड स्ट्रेंथची टेस्ट करायचीय? आधी दात ओला ठेवायला शिका

सांगली-मिरजेत एमडीएस (बीडीएसनंतरची डेंटिस्टची डिग्री) करणारी ज्युनियर पोरं थिसिसची वेळ आली की हमखास विचारतात, दादा मायक्रोटेन्साइल करायचीय, मशीन कुठं मिळेल? (मायक्रोटेन्साइल म्हणजे दाताला चिकटवलेल्या फिलिंगसकट दाताच्या बारीक काड्या कापायच्या, त्या ओढून तोडायच्या आणि जोड किती ताकदीचा ते मोजायचं.) अरे मशीनचं नंतर बघू. मशीनवर काडी तुटायला मिनिटभर लागतं, पण ती किती जोरावर तुटणार हे त्याआधीच्या महिन्याभरात ठरलेलं असतं, आणि त्यात निम्मा घोळ पाण्याचाच असतो.

एथिक्स कमिटीचं पत्र हातात आलं की दात गोळा करायला लागा. अक्कलदाढा सगळ्यात बऱ्या, सपाट डेंटिन (इनॅमलच्या आतला दाताचा थर) भरपूर मिळतं. मिशरीचे काळे डाग असले तरी चालतंय, स्केलिंगनं जातात, फक्त कीड आणि चीर नको. मित्रांच्या क्लिनिकमधे बाटली ठेवाल तेव्हा तिच्यावर ठळक लिहा, फॉर्मॅलिन घालू नये. मी लिहिलं नव्हतं, कुणीतरी चांगल्या मनानं ओतलं आणि अख्खी बाटली बाद, कारण फॉर्मॅलिननं डेंटिनमधलं कोलॅजनच बदलतं आणि आपल्याला तर त्यातच बाँड (फिलिंग चिकटवायचं पातळ रेझिन) मुरवायचाय. आयएसओच्या ११४०५ नंबरच्या मानकामधे सांगितलंय तसं करा, ०.५ टक्के क्लोरामाइन-टी (जंतुनाशक) मधे फार तर आठवडाभर, मग फ्रिजमधे ४ डिग्रीला डिस्टिल्ड वॉटर, ते अधूनमधून बदलायचं. महिन्याभरात वापरले तर उत्तम, सहा महिन्यांपेक्षा जुने घेऊच नका.

मग वरचं इनॅमल कापून डेंटिन सपाट करायचं आणि ६०० ग्रिटच्या पेपरवर पाणी सोडत मिनिटभर घासायचं, म्हणजे सगळ्या दातांवर सारखा स्मिअर लेयर (घासल्यानं बसणारा भुशाचा पातळ थर) येतो. घाईत कुणी दहा सेकंदच घासतं आणि मग ग्रुपमधे फरक का आला म्हणून डोकं धरून बसतं.

आता एचिंग, म्हणजे बाँड धरावा म्हणून दाताला ॲसिड लावणं. बुओनोकोर यांनी १९५५ साली इनॅमलवर फॉस्फोरिक ॲसिड लावून रेझिन चिकटवून दाखवलं, तिथं दात खडखडीत वाळवला तरी काही बिघडत नाही. डेंटिनचं तसं नाही. ३७ टक्क्यांचं ॲसिड १५ सेकंद लावलं की वरचं मिनरल निघून जातं, नुसती कोलॅजनची जाळी उरते आणि ती उभी असते पाण्याच्या आधारावर. कृष्णेच्या घाटावरचं शेवाळ बघा, पाण्यात मोकळं हलत असतं, पाणी उतरलं की दगडाला चिकटून पापड. जाळी अशी बसली की बाँड आत शिरत नाही, मग नाकाबायाशी यांनी १९८२ मधे दाखवलेला हायब्रिड लेयर (कोलॅजनच्या जाळीत बाँड मुरून झालेला थर) तयार होणार कुठून? म्हणून धुतल्यावर थ्री-वे सिरिंजनं (हवा-पाणी मारायच्या नळीनं) फूफू करू नका, पेपरनं टिपा, वर हलकी चकाकी राहिली पाहिजे पण डबकं नको. (सेल्फ-एचमधे, म्हणजे वेगळं ॲसिड न लागणाऱ्या बाँडमधे, ही भानगड नसते, पण तिथं बाँड २० सेकंद चोळून लावायचा, नुसता ब्रश फिरवून सोडायचा नाही.)

बाँडची बाटली फ्रिजमधून काढून रूम टेंपरेचरला येऊ द्या, पण थेंब लावायच्या वेळीच काढायचा, एप्रिलच्या उकाड्यात बाँडमधलं ॲसिटोन बघता बघता उडून जातं. लावल्यावर मात्र उलटं, हवा मारून सॉल्व्हंट घालवायचाच, थर हलायचा थांबला की क्युअर, म्हणजे लाइट मारून कडक करायचा. लाइटची ताकद रेडिओमीटरवर रोज बघा. कंपोझिट (दातात भरायचं फिलिंग) २-२ मिमीचे थर देऊन चार-पाच मिमी उंच करा आणि दात ३७ डिग्रीच्या पाण्यात २४ तास ठेवा, इन्क्युबेटर मायक्रोबायोलॉजीवाल्यांकडं असतो, गोड बोलून मिळतो.

मग लो-स्पीड डायमंड करवतीवर पाण्याखाली आडवे-उभे काप घेऊन साधारण १ बाय १ मिमीच्या काड्या करायच्या. माझी फजिती इथंच झाली, मशीनचा नंबर येईपर्यंत काड्या टिश्यूवर ठेवून मी भडंग खायला गेलो, आलो तर कोरड्या ठणठणीत. आता एकेक काडी पाण्यातून काढतो, व्हर्नियरनं मापतो आणि लगेच जिगला (मशीनमधे काडी धरायच्या साच्याला) सायनोॲक्रिलेट गोंदानं चिकटवतो, गोंद जोडावर येऊ न देता.

मशीन शोधताना एकच विचारा, लोड सेल (ओढ मोजणारा सेन्सर) केवढ्याचा आहे? सिव्हिलवाल्यांचं सळया तोडायचं मशीन उपयोगाचं नाही, आपली काडी तीन-चार किलोच्या ओढीला तुटते, त्या मशीनला ते कळणारही नाही. ५०० न्यूटनचा सेल असला की झालं, स्पीड मिनिटाला ०.५ किंवा १ मिमी. न्यूटनला चौरस मिमीनं भागलं की मेगापास्कल. ३० न्यूटनला तुटलेली काडी १ बाय १ ची समजलात तर ३०, पण खरं माप ०.९ बाय ०.९ असेल तर ३७, म्हणून अंदाजानं माप टाकायचं नाही.

कापतानाच तुटलेल्या काड्या गुपचूप फेकू नका, प्रत्येक ग्रुपमधे किती गेल्या ते लिहून ठेवा. आणि एका दातातून दहा काड्या निघाल्या म्हणजे दहा सॅंपल झाले असं धरू नका, सॅंपल दात असतो, स्टॅटिस्टिक्सवाल्यांना हे काम सुरू करायच्या आधीच सांगा. तुटलेले दोन्ही तुकडे नंबर टाकून जपा, स्टिरिओमायक्रोस्कोपखाली जोडातून सुटलंय, डेंटिन किंवा कंपोझिट फाटलंय की दोन्ही झालंय ते बघायचंय. गाइड हमखास ‘परत दाखव’ म्हणतात.