मामा तलावाचा काठ जिवंत करताना: आधी वनस्पती, मग मासे, शेवटी शिंपले

गाळ काढला की तलाव सुधारला, असं बऱ्याच गावांत धरलं जातं. पण गाळासोबत पोकलेन काठाचा उथळ उतारही खरवडून नेतं, आणि मामा तलावातल्या (पूर्व विदर्भातल्या जुन्या माजी मालगुजारी गावतलावातल्या) जीवांचा संसार त्याच उतारावर असतो. मरळ तिथे वीण करते, गोगलगाई तिथे चरतात, सारस तिथे घरटं बांधतो. म्हणून काठ सरळ कापला गेला असेल तर आधी माती भरा. 1 मीटर उंचीला 8 ते 10 मीटर लांबी, इतका मंद उतार हवा. पुढचं काम वनस्पती आणि प्राणी करतात, फक्त त्यांना क्रमाने येऊ द्यायचं.

मे महिन्यात पाणी उतरलं की काठावर माजलेली बेशरम ही झुडपं मुळासकट खणून काढा. नुसती कापली तर बुंध्यातून पुन्हा फुटते, ओल्या मातीत पडलेली कांडीही मूळ धरते. कांड्या पाळीवर (तलावाच्या बांधावर) टाकू नका, दूर नेऊन वाळवा आणि जाळा. ती विषारी आहे, तेव्हा शेळ्या चरून संपवतील या भरवशावर राहू नका.

तळ कडक झाला असेल तर लागवडीच्या जागेवर पावसाआधी हलकी नांगरट करा. पहिल्या वर्षी 10 बाय 10 मीटरचे दोन-तीन तुकडेच घ्या. काठावर देवधान (जंगली भात), त्यापुढे कुमुद, आणखी आत पाण्याखाली वाढणाऱ्या हायड्रिला आणि व्हॅलिसनेरिया. कोणत्या वनस्पतीत कोणता मासा राहतो हे गावातल्या ढीवर (मासेमार समाजाच्या) बायामाणसांना नेमकं ठाऊक असतं. त्यांना विचारूनच निवड करा. पाण्याखालच्या वनस्पतींच्या चार-पाच काड्या चिखलाच्या गोळ्यात रोवून अर्ध्या मीटरवर एक गोळा सोडा. खोली ठरवायला पांढरी थाळी दोरीला बांधून पाण्यात सोडा. जिथे ती दिसेनाशी होते, त्यापेक्षा खोल लावू नका. उजेड न मिळाल्याने रोपं कुजतात. तुकड्याभोवती बांबू आणि जाळ्याचं कुंपण हिवाळ्यापर्यंत ठेवा.

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं: रोपं रुजण्याआधीच मत्स्यबीज सोडलं जातं. गवत्या मासा कोवळी रोपं फस्त करतो. सायप्रिनस (कॉमन कार्प मासा) तळ उकरतो, पाणी गढूळ होतं, उजेड अडतो आणि उरलेल्या वनस्पतीही मरतात. हे दोन्ही मासे या तलावात नकोतच. थाई मांगूर माशावर तर बंदीच आहे. मरळीचं बीज विकत आणायची सहसा गरज पडत नाही. जुनी मोठी जोडी पाण्यात राहू द्या आणि मिरगापासून दोन महिने काठावर जाळं टाकू नका. मरळ आपल्या लालसर पिल्लांच्या थव्याची राखण करते. त्या काळात आई-बाप पकडले तर थवा इतर माशांच्या तोंडी जातो. पहिल्या पुरात बोड्या (शेतातली छोटी तळी) आणि धानाच्या बांध्यांकडे जाणारे मासे सांडव्यावर अडवू नका.

शिंपले शेवटी आणा. समुद्रकाठी कालवं जसं पाणी गाळतात, तसं इथे गोड्या पाण्यातले शिंपले गाळतात. पण त्यांची पिल्लं सुरुवातीला माशांच्या कल्ल्यांना चिकटून वाढतात. मासेच नसतील तर शिंपल्यांची पुढची पिढी होत नाही. हिवाळ्यात, त्याच नाल्यावरच्या जवळच्या तलावातून थोडे आणा, ओल्या गोणपाटात गुंडाळून, सावलीतून. मे महिन्यातही पाणी राहील अशा जागी आडवे ठेवा, ते स्वतःच गाळात रुततात. गोणपाटात जलकुंभीचा तुकडा अडकलेला नाही ना, हे नीट पाहा. कासवं मात्र पकडून आणू नका, तो गुन्हा आहे; काठावर मऊ मातीचा पट्टा मोकळा ठेवला तर जवळपासची कासवं तिथे अंडी घालू शकतात.

म्हशींना एकच घाट ठरवून द्या. त्यांच्या लोळण्याने पडलेले खड्डे बेडकांच्या कामी येतात, पण सगळ्या काठावर खूर पडले तर रोपं तुडवली जातात. गोंदियात पावसाळ्यात सारसाचं घरटं दिसलं तर त्या बाजूची चराई थांबवा आणि कुत्री दूर ठेवा. अंडी बहुधा दोनच असतात आणि उबवायला महिनाभर लागतो. वारंवार जवळ गेलं तर जोडी उठते आणि अंडी कावळ्यांना सापडतात.

जानेवारीत थाळी पुन्हा सोडा. मागच्या वर्षीपेक्षा खोल दिसली तर लागवड तेवढी आत सरकवा. उथळच राहिली तर नवीन रोपं लावण्याआधी सायप्रिनस जाळ्याने काढून घ्या.